यूपीएस द्यायला आलेल्या दादांना

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी फोनवरच्या भामट्यापासून तुम्ही मला वाचवलंत, पण तुमचे आभार मानायचे राहून गेले. हातच थरथरत होते माझे. आता तीन महिने उलटलेत, बँकेचं पत्रही आलंय, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, कारण प्रत्येकाच्या दारात तुमच्यासारखं माणूस वेळेवर येईलच असं नाही.

शेवटचा अर्धा तास तुम्हाला माहीत आहे. त्याआधीचं सांगते. दहावीच्या दोन मुली माझ्याकडे बीजगणिताला येतात. त्यांच्यासाठी सराव प्रश्नपत्रिका छापायची होती आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ म्हणत होता. तुम्ही दुपारी दुरुस्त झालेला यूपीएस घेऊन येणारच होतात, पण मला तेवढा धीर निघाला नाही. प्रिंटरच्या कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असं गूगलवर टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. त्या ओळीशेजारी बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं, म्हणजे ती पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा कळलं.

अनोळखी माणसाचा फोन आला तर ओटीपी सांगायचा नाही, हे मला पाठ होतं. बँकेत पाटी आहे, पेपरात रोज येतं. पण इथे फोन मीच लावला होता ना! त्यामुळे पलीकडचा माणूस कंपनीचाच, याबद्दल मनात शंकासुद्धा आली नाही. सगळं फसलं ते इथेच.

माणूस हिंदीत बोलत होता, मऊ आवाजात, दर वाक्याला ‘माताजी’. त्याने एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला लांबून आपलं मशीन चालवू देणारं अ‍ॅप, उतरवून घ्यायला लावलं, त्यातला आकडा विचारला आणि परवानगीच्या बटणावर क्लिक करायला सांगितलं. केलं. माझा हात मांडीवर होता आणि पडद्यावरचा बाण आपला आपण फिरत होता. मग त्याने एक काळी चौकट उघडली. आकड्यांच्या ओळी भराभर खाली आल्या. एका रकान्यावर ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ असं लिहिलेलं. “देखिए माताजी, विदेश से हॅकर अंदर बैठे हैं.” मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, इंग्रजी मला वाचता येतं. ‘फॉरेन’ हा शब्द मी माझ्या डोळ्यांनी वाचला, म्हणून तर विश्वास बसला. पाठोपाठ त्याने लाल खुणांची एक लांबच लांब यादी दाखवली आणि म्हणाला, एवढे व्हायरस आहेत, आज साफ केलं नाही तर बँकेपर्यंत पोचतील.

पुढचं मला आजही तुकड्यातुकड्यांत आठवतं. नोंदणीचे फक्त दहा रुपये, म्हणून नेटबँकिंग उघडायला लावलं. पडदा काळा झाला. “अपडेट चल रहा है, फोन मत काटिए.” फोन कापू नका, हे त्याने पाच-सहा वेळा तरी बजावलं असेल. मोबाइलवर सहा आकडे आले, ते मी वाचून दाखवले. २४,५०० रुपये गेले. मेसेजमध्ये रक्कम स्पष्ट लिहिलेली होती, पण मी फक्त आकडे शोधत होते.

दुसरा ओटीपी आला आणि दारावरची बेल वाजली.

तुम्ही यूपीएस हातात घेऊनच उभे होतात. स्पीकरवरचा आवाज ऐकलात, टेबलाकडे पाहिलंत आणि विचारलंत, “बाई, राउटर कुठंय?” मी बोट दाखवलं. तुम्ही बटण बंद केलंत, म्हणजे त्याची जोडणीच तुटली. माझ्या हातातला फोन हिसकावला नाहीत, “ठेवा आता तो” एवढंच म्हणालात. तो दुसरा मेसेज ४९,००० रुपयांचा होता.

आभार मानायचेत ते मुख्यतः त्यानंतरच्या गोष्टीसाठी. तुम्ही मला “असं कसं केलंत?” म्हणाला नाहीत. एकदाही नाही. पाणी दिलंत, जमिनीवरच मांडी घालून बसलात आणि विचारलंत, “पहिला मेसेज किती वाजता आला?” तुम्ही रागावला असतात तर ओटीपी वाचून दाखवल्याचं मी नक्की लपवलं असतं. मुलाला तर मी काहीच सांगणार नव्हते. शिक्षिका होते हो मी, लोकांना शहाणं करत आले आयुष्यभर. पण तुमच्या आवाजात दोष नव्हता, म्हणून सगळं बोलून गेले आणि एक तास वाया गेला नाही.

आधी बँकेला फोन करून तुम्ही नेटबँकिंग बंद करायला लावलंत. मग १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. त्यांनी खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारला. तो क्रमांक मेसेजमध्येच असतो हे मला माहीत नव्हतं, तुम्ही बोट ठेवून दाखवलात. मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर उरलेली तक्रार भरली, तीही तुमच्या मोबाइलवरून, कारण माझा लॅपटॉप तुम्ही नेटला जोडूच दिला नाहीत. दुकानात नेऊन विंडोज नव्याने टाकलंत आणि मगच परत दिलात. बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची, असं रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात होतं, पण आपण स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान आपलंच, असंही त्यात होतं, हे तुम्ही खोटी आशा न दाखवता सांगितलंत.

लॅपटॉप न्यायला दुकानात आले तेव्हाची पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. सकाळीच खोक्यातून काढलेला एक कोरा लॅपटॉप तुम्ही उघडलात आणि त्यावर तीच लाल खुणांची यादी दाखवलीत. “ही मशीनची रोजनिशी आहे, बाई. याला शिंक आली तरी लिहून ठेवतं.” मग ती काळी चौकट. “‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ म्हणजे पलीकडच्या टोकाचा पत्ता. तुम्ही साताऱ्याहून पुण्याला पत्र टाकलंत, तर पुणं तुमचं फॉरेन.” इतकं सोपं मला वर्गात कधी सांगता आलं असेल का, कोण जाणे.

त्याच दिवशी तुम्ही सांगितलंत की हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथली मुलं कर अधिकारी बनून अमेरिकेतल्या लोकांना धमकावत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशी लोकांना लुटणारी कॉल सेंटरंही होती. पाळीने कामाला येणारी, बोलायचं काय ते लिहून दिलेली माणसं. ते ऐकल्यावर माझ्या मनावरचा दगड थोडा हलका झाला.

मागच्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघात मी हे सगळं उभं राहून सांगितलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, पडदा अडकून भोंगा वाजायला लागला तर एस्केपचं बटण दाबून धरायचं किंवा सरळ मशीन बंद करायचं, मदतीचा नंबर खोक्यातल्या पुस्तिकेतून घ्यायचा, हे तुमच्याकडून शिकलेलं सांगितलं. टाळ्या झाल्या. पण चहाच्या वेळी तिघं जण एकेकटे जवळ आले. “बाई, माझंही झालंय. घरी बोललो नाही.” एकांचे दीड लाख गेलेत, वर्षभरापूर्वी. सूनबाई काय म्हणेल म्हणून ते गप्प राहिले. त्या तिघांना मी तुमच्या दुकानाचा पत्ता दिलाय. गेलेलं परत येईल असं नाही, पण त्यांच्या मशीनमध्ये ते एनीडेस्क अजून तसंच असेल, तेवढं बघा.

२४,५०० पैकी १८,००० वेळेत गोठवले गेले होते. कोर्टाच्या आदेशानंतर ते खात्यात जमा झाल्याचं पत्र परवा आलं. प्रिंटर काय, नवीन वायफायला जोडायचा राहिला होता, तुम्ही दोन मिनिटांत सुरू केलात. मुलींनी त्याच संध्याकाळी पेपर सोडवला.

यूपीएसच्या दुरुस्तीचे साडेतीनशे रुपये त्या गडबडीत द्यायचे राहिले. तुम्ही मागितलेही नाहीत. उद्या दुकानात घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरच्या बाई
सातारा