रसवंतीवाले दादा आणि सिस्टरताईंचे आभार

आमची दीड वर्षाची लेक जन्मानंतर काही महिन्यांतच तिरळं पाहू लागली. दोन्ही डोळे नाकाकडे वळायचे. "तिरळं पोर नशीबवान असतं" असं म्हणत काहीजण थांबायला सांगत होते. पण वळलेल्या डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागला तर नजर कायमची अधू होऊ शकते. डॉक्टरांनी बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन सुचवलं. डोळा आत ओढणारा स्नायू त्याने साधारण तीन महिने सैल पडतो आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांना एकत्र पाहायची सवय लागू शकते.

हे औषध थंडच ठेवावं लागतं. जळगावहून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून कुपी घेऊन संभाजीनगरला निघालो आणि चाळीसगाव सोडल्यावर, कन्नड घाटाच्या अलीकडे गाडी बंद पडली. मे महिन्यातलं खान्देशातलं ऊन, बर्फाचं पाणी होत आलेलं. रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्या दादांनी ऐन गिऱ्हाइकीत आपली बर्फाची लादी फोडली, तुकडे फडक्यात बांधून डबा गच्च भरला, वर ओलं गोणपाट गुंडाळलं. पैसे पुढे केले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय, पोर बरी व्हऊ दे." पुढे जाणारी जीपही त्यांनीच थांबवून दिली.

इंजेक्शननंतर काही दिवसांनी लेकीची एक पापणी खाली आली. घरात रडारड. वॉर्डातल्या सिस्टरताईंनी रात्री फोन उचलला, असं होऊ शकतं, पापणी आपोआप वर येते हे शांतपणे समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करून चौकशी केली.

पापणी आता उघडली आहे, डोळेही बरेच सरळ दिसतात. दादा, ताई, तुमचे मनापासून आभार.