ज्यांच्या नावे उत्तर धाडलंत, ते मार्चमध्येच गेले

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कार्यालयाचं पत्र गेल्या मंगळवारी मिळालं. यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नावाने रजिस्टर पोस्टाने आलं होतं. पोस्टमन म्हणाला, "साहेबांना बोलवा, सही लागेल." साहेबांना जाऊन सात महिने झालेत. सही मी केली.

गेल्या नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार आपल्याला आठवत असेल. जागतिक स्वादुपिंड कर्करोग दिन. इमारतीवर जांभळे दिवे सोडले होते. आपण जांभळी फीत लावून भाषण केलंत आणि म्हणालात, येत्या अर्थसंकल्पात या आजारावरच्या संशोधनाला आणि जनजागृतीला वेगळी तरतूद करू. व्हीलचेअरमध्ये बसून यांनीही टाळ्या वाजवल्या. मग आम्ही निवेदन दिलं. त्यावर चौदा रुग्णांच्या सह्या होत्या, पहिली यांची. फोटोत आपला हात यांच्या खांद्यावर आहे.

अर्थसंकल्प आला आणि गेला. तरतूद मला तरी सापडली नाही. आता अकरा महिन्यांनी उत्तर: 'सदर आजाराचे रुग्ण संख्येने अल्प असल्याने स्वतंत्र निधीचा प्रस्ताव तूर्तास विचाराधीन नाही.' वर विषय लिहिलाय, 'यकृताच्या कर्करोगाबाबत'. साहेब, यकृत वेगळं आणि स्वादुपिंड वेगळं. शाळेच्या पुस्तकात चित्र असतं.

बरं, अल्प का ते सांगते. चौदा सह्यांपैकी आज तिघं उरलेत. मोर्चा काढायला माणूस जिवंत लागतो. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायका रस्त्यावर येतात, भांडतात, त्यांचं भलं होवो. त्या भांडल्या म्हणून तिकडे पैसा वळला. आमच्यात भांडायला उरतात ती मागची माणसं, तीही जरा सावरल्यावर. २०२२ साली जगात ५ लाख ११ हजारांच्या आसपास लोकांना हा आजार निघाला आणि त्याच वर्षी ४ लाख ६७ हजारांच्या आसपास गेले. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. अमेरिकेत, जिथे म्हणे सगळं मिळतं, तिथेही पाच वर्षं काढणारे शंभरात तेरा. पन्नास वर्षांपूर्वी तीन होते. एखाद-दुसरा आकडा इकडेतिकडे झाला असेल तर आपल्या तज्ज्ञांनी दुरुस्त करावा, तेवढंच त्यांना काम.

यांना गेल्या वर्षी जानेवारीत शुगर निघाली. वय ५६, घराण्यात कुणालाच नाही. वजन उतरायला लागलं तर लोकांनी कौतुक केलं, पथ्य छान पाळता हो! यांनी खिळा तापवून पट्ट्याला एक भोक पाडलं. एप्रिलमध्ये दुसरं. पाठ दुखायची, उताणं झोपलं की जास्त, पुढे वाकलं की जरा बरं वाटायचं. म्हणून रात्र रात्र टेबलावर उशी ठेवून त्यावर डोकं टेकून बसायचे. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, पाठीला शेक झाले, व्यायाम झाले. एका मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, टेन्शन घेऊ नका. ऑगस्टमध्ये अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे झाले, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला. तोवर गाठीने मोठ्या रक्तवाहिनीला वेढा घातला होता. ऑपरेशन होणार नाही म्हणाले. पट्ट्याला तेव्हा चार भोकं होती. तो अजून खुंटीवर आहे, काढवत नाही.

हे आमच्याच नशिबाचं म्हणावं तर तसंही नाही. शंभर रुग्णांत जेमतेम पंधरा-वीस जण ऑपरेशनच्या वेळेत सापडतात. हा अवयव जठराच्या मागे दडलेला, बाहेरून हाताला लागत नाही. पण पन्नाशीनंतर अचानक आलेली शुगर आणि सोबत घटणारं वजन ही खूण डॉक्टरांना शिकवलेली असते. अशा नव्या शुगरवाल्या शंभरांत साधारण एकाला पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग निघतो. म्हणून सगळ्यांना स्कॅनला घाला असं मी म्हणत नाही, तज्ज्ञही नको म्हणतात. तो शंभरातला एक कसा हेरायचा, प्रश्न तिथे आहे. हाताशी असलेली सीए १९-९ ही रक्तचाचणी साध्या काविळीतही वाढते आणि लहान गाठीत कधीकधी वाढतच नाही. चांगली चाचणी शोधायला पैसा लागतो. तोच तर मागितला होता.

राल्फ स्टाइनमन नावाच्या शास्त्रज्ञाला २०११ चं नोबेल जाहीर झालं. तीन दिवस आधी ते याच आजाराने गेले होते. स्वतःच्या शोधावर बेतलेली लस स्वतःवरच वापरत चारेक वर्षं काढली होती त्यांनी. नोबेल समितीला त्यांच्या जाण्याचा पत्ता नव्हता, मग आपल्या कार्यालयाला काय दोष द्यावा! फक्त त्यांनी निदान बक्षीस दिलं.

अमेरिकेने २०१२ मध्ये अशा हट्टी कर्करोगांसाठी कायदा केला. पाच वर्षं जगणारे वीस टक्क्यांहून कमी आणि वर्षाला तीस हजारांवर मृत्यू, तर सरकारी कर्करोग संस्थेने संशोधनाचा आराखडा करायचाच. बघा, तिथे गेलेलेही मोजले. आपल्याकडे जो ओरडतो तो मोजला जातो. रस्ता असो, नळ असो, औषध असो, गळा काढेल त्याची फाइल हलते. मेलेल्याची फाइल आपोआप बंद, केवढी सोय! दिव्यांचं बिल किती दिवसांत पास झालं, तेही कळलं तर बरं होईल.

मागणं पूर्वीचंच आहे. संशोधनाला वेगळा पैसा, गाठींचे नमुने जपण्याची सोय, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि गल्लीतल्या डॉक्टरापर्यंत ती शुगर-वजनाची खूण पोचवणं. निवेदनात सविस्तर आहे, कुणी उघडलं असेल तर.

उत्तर पुन्हा पाठवणारच असाल, तर उरलेल्या तिघांचे पत्ते सोबत जोडलेत. त्यातल्या एका बाईंची केमो गेल्या आठवड्यात थांबवली, अंगाला झेपेना. त्यांचं पत्र आधी काढा. आणि विषयात यकृत खोडून स्वादुपिंड लिहा.

आपली,
पहिली सही ज्यांची होती, त्यांची पत्नी