मास्तरांच्या वह्या रद्दीत जाण्याआधी

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

साहेब, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग ती सोडत नाही. हे त्यांनी १९४९ साली मांडलं. इथे अनेकांनी त्याला नुसती करमणूक म्हटलं. कितीतरी काम त्यांनी छोट्या पुस्तिकांतून स्वतःच छापलं. १९७५ साली अमेरिकेत गणितावर सर्वांसाठी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात लिहिलं, तेव्हा कुठे जगाला नाव कळलं.

मला काळजी आहे ती ज्यांना गार्डनर भेटले नाहीत त्यांची.

शिरोळ तालुक्यातल्या एका दिवंगत शिक्षकांची वही माझ्या हाती आली. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पाठींवर पेन्सिलने आकडे. तिनाने भाग जाणारी संख्या घ्यायची, प्रत्येक अंकाचा घन करून बेरीज करायची, पुढे तसंच: १२, ९, ७२९, १०८०, ५१३, १५३. शेवट नेहमी १५३ वरच. खाली लिहिलंय, "का?" आणि पुढे चार पानं त्या 'का'ची झटापट. हा गुणधर्म गणितात आधीपासून ठाऊक आहे. पण मास्तरांना तो कुणी सांगितलेला नव्हता, त्यांनी तो स्वतः शोधला. त्याच वहीतलं पुढचं काही मला स्वतःला ओळखू येत नाही. ते नवं आहे की जुनं, हे सांगायला जाणकार हवा.

हौशी माणसाच्या हाती मोलाचं लागतं, याला दाखले आहेत. मित्रसंख्या म्हणजे अशी जोडी, की एकीच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज दुसरी येते आणि दुसरीच्यांची पहिली. ११८४ आणि १२१० ही अशी जोडी ऑयलरसारख्या थोर गणितीच्या नजरेतून सुटली आणि १८६६ साली सोळा वर्षांच्या निकोलो पगानिनीला सापडली. दोनाच्या ८९ व्या घातातून एक वजा केल्यावर येणारी संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज तिला कशानेच भाग जात नाही, हे १९११ साली दाखवलं ते पॉवर्स नावाच्या अमेरिकन रेल्वे कर्मचाऱ्याने.

माझी मागणी मोठी नाही. १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तिथल्या ग्रंथालयात हौशी गणितींच्या वह्या, पत्रं, पुस्तिका यांचा स्वतंत्र कप्पा करा. आलेला कागद स्कॅन व्हावा, तारीख आणि गाव नोंदवलं जावं, आणि गणित विभागातल्या कुणीतरी वाचून तीन गोष्टी लिहाव्यात: दावा काय आहे, सिद्धता आहे का, आधी कुणी केलं होतं का. बरंचसं आधीचंच निघेल. तसं निघालं तरी चालेल, पण ते वाचून ठरावं, न वाचता नव्हे. मूळ वही कुटुंबाला परत द्यावी, म्हणजे घरचे बिनघोर आणून देतील.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली याच करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या शाळांतून घडलेल्या मास्तरांच्या पिढ्या आता संपत आल्या आहेत. माळे आवरले जातायत. दिवाळीच्या साफसफाईआधी विद्यापीठाला एक आदेश आणि गावोगावच्या गणित शिक्षकांना एक आवाहन आपण काढावं, एवढी विनंती.

कळावे,
कोल्हापुरातील एक निवृत्त गणित शिक्षक