नेटवर्किंग शिकवायचे, तर शाळेचेच नेटवर्क मुलांच्या हाती द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळा आणि उच्च शिक्षणातील किमान निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा, असे उद्दिष्ट राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ठेवले होते. ते किती गाठले गेले, याचा हिशेब शिक्षणतज्ज्ञ मांडतील. मला त्यातील संगणक नेटवर्किंगपुरतेच बोलायचे आहे, कारण सातारा जिल्ह्यातील पतसंस्था, दवाखाने, कार्यालये आणि शाळा यांच्या केबलची व नेटवर्कची कामे घेणे हाच गेली अठरा वर्षे माझा व्यवसाय आहे.

माझ्याकडे काम मागायला येणाऱ्या मुलांच्या हाती मी कॅट-६ केबलचा (नेटवर्कच्या आठ तारांच्या केबलचा) तुकडा, दोन कनेक्टर आणि ते केबलच्या टोकांना घट्ट बसवणारी क्रिम्पिंगची पक्कड देतो. ओएसआय मॉडेलचे, म्हणजे नेटवर्कचे काम टप्प्यांत समजावणाऱ्या पुस्तकी आराखड्याचे, सातही थर घडाघडा म्हणणारी मुले येथे अडतात. पांढरी-नारिंगी आणि नारिंगी, पांढरी-हिरवी आणि हिरवी अशा एकमेकींभोवती पिळलेल्या जोडीच्या तारा शेजारी-शेजारी लावाव्यात, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पांढऱ्या-हिरव्या तारेनंतर निळी, मग पांढरी-निळी आणि त्यानंतर हिरवी येते, कारण टेलिफोनच्या जुन्या रचनेतून मधल्या दोन जागा निळ्या जोडीकडे आल्या. गंमत अशी, की दोन्ही टोकांना सारख्याच चुकीने लावलेली केबल साध्या टेस्टरवर आठही दिवे हिरवे दाखवते. दोन मीटरवर ती चालतेही. साठ-सत्तर मीटरवर मात्र पीळ मोडलेल्या जोड्या एकमेकींत गोंगाट मिसळतात, वेग घसरतो आणि ग्राहक इंटरनेट पुरवणाऱ्याला दोष देत बसतो. हे पुस्तकातून कळत नाही असे नाही, पण स्वतः एकदा ही चूक करून अर्धा दिवस शोधाशोध केल्याशिवाय ते डोक्यात राहत नाही.

आता शाळांकडे पाहू. एका माध्यमिक विद्यालयात वायफायच्या कामासाठी गेलो असता, व्यवसाय शिक्षणाच्या साहित्यात आलेला चोवीस पोर्टचा स्विच (अनेक संगणक केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) कपाटात प्लॅस्टिकच्या वेष्टनासह दिसला. बिघडला तर जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद कशी करायची आणि लेखापरीक्षणात उत्तर कोणी द्यायचे, ही मुख्याध्यापकांची भीती खरी होती, म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. तिकडे मुले वहीत स्विचची आकृती काढत होती, आणि त्याच इमारतीतील कार्यालयाचा प्रिंटर त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक) आणि दुसऱ्या यंत्राचा पत्ता एकच झाल्यामुळे आठवडाभर बंद होता. दुरुस्तीसाठी मला बोलावले गेले, काम दहा मिनिटांत झाले आणि मी पैसेही घेतले!

सिस्को नेटवर्किंग अकादमी हा जगभर चाललेला कार्यक्रम १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, तो नेमक्या अशाच अडचणीतून. शाळांत नेटवर्क बसवले, पण ते सांभाळणारे कोणी नव्हते, म्हणून आधी शिक्षक-कर्मचाऱ्यांना आणि पुढे विद्यार्थ्यांनाच ते काम शिकवण्यात आले. आपण अभ्यासक्रम घेतला, पण ज्या कामासाठी तो जन्मला ते काम मात्र बाहेरच्या कंत्राटदाराकडे ठेवले. त्या कंत्राटदारांत मी स्वतः आहे, हे मान्य करूनच लिहितो.

नववी-दहावीच्या तुकडीने शाळेच्या जाळ्याचा नकाशा काढावा, प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी, आयपी पत्त्यांची नोंदवही ठेवावी आणि तक्रार आली की आधी आपण पाहावे. निकालपत्रके व विद्यार्थ्यांची माहिती असलेले संगणक आणि विजेची जोडणी यांना अर्थातच मुलांनी हात लावू नये. संगणकाच्या पडद्यावरच नेटवर्क जोडून पाहता येणारे पॅकेट ट्रेसरसारखे मोफत सॉफ्टवेअर सरावाला उत्तम आहे, पण त्यातल्या केबलला उंदीर लागत नाही. प्रात्यक्षिक परीक्षाही जर्नलच्या सह्या मोजून न घेता, मुद्दाम तीन बिघाड करून ठेवलेले छोटे नेटवर्क तासाभरात चालू करून दाखवण्याची असावी.

यातली खरी अडचण प्रशिक्षकांची आहे. ते बहुतेक ठिकाणी बाह्य संस्थेमार्फत कंत्राटी तत्त्वावर येतात आणि ज्याने नेटवर्कचा नकाशा मुलांकडून काढून घेतला, तो पुढच्या जूनमध्ये शाळेत असेलच याची खात्री नसते. ही गोष्ट शासनालाच सोडवावी लागेल.

साहित्याची अडचण तुलनेने किरकोळ आहे. माझ्यासारख्यांच्या गोदामात केबलचे उरलेले तुकडे, वेग कमी म्हणून काढलेले पण चालू असलेले स्विच आणि वापरात नसलेले राउटर पडून असतात. आम्ही ते शाळांना विनामूल्य देऊ, मात्र शाळेला ते 'सरावासाठी, मोडले तरी चालेल' अशा नोंदीने स्वीकारता यावेत, असे एक साधे परिपत्रक शिक्षण विभागाने काढावे, ही आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती.

आपला नम्र,
एक नेटवर्किंग कंत्राटदार, सातारा