रविवारी सकाळी फोन का उचलत नाही

फिनिक्स, ॲरिझोना
फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय शिऱ्या,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तू तीनदा फोन केलास आणि मी तिन्हीदा उचलला नाही. मग तुझा मेसेज आला, 'साहेब मोठे झाले.' मोठा वगैरे काही झालो नाही लेका. गॅरेजमध्ये काडतुसं भरत बसलो होतो. फोनवर सांगायला लागलो की तू मध्येच हसतोस, म्हणून हे पत्र.

नेमबाजीचा नाद मला इथे उशिराच लागला. एच-वन व्हिसावर होतो तोवर शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडला तर बंदूक काय, साधं काडतूसही जवळ ठेवायची कायद्याने बंदी होती. ग्रीन कार्ड हातात पडलं आणि मग पिस्तूल घेतलं, पॉइंट फोर फाइव्ह, म्हणजे गोळीची जाडी इंचाच्या पंचेचाळीस शतांश. या गोळ्या महाग. महिन्याला चारपाचशे उडवायच्या म्हणजे बायकोला तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून इथले लोक उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या उचलून आणतात आणि घरीच पुन्हा भरतात. स्वतःपुरतं भरायला इथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तुझ्या डोक्यात काही शिजायला लागण्याआधीच गॅस बंद कर.

तुझ्या आजोबांची ठासणीची बंदूक आठवते? राधानगरीच्या रानात डुकरं हाकलायला पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. नळीत दारू ओतायची, गजाने ठासायची, मागे टोपी बसवायची. काडतुसात तेच सगळं पितळेच्या पुंगळीत बसवलेलं असतं. बुडाला टोपी, म्हणजे प्रायमर, वर दारू, तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते, टोपी फुटते आणि उरते ती पुंगळी, जी सगळ्यात महाग. ती दहा-दहा वेळा वापरता येते. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ मारलं ती मात्र पॉइंट टू टू. तिचा टोपीचा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, त्यामुळे ती एकदा उडाली की भंगार.

मी सुरुवात केली ती एका-एका कामाच्या प्रेसवर, म्हणजे हाताने दांडा ओढायच्या दाबयंत्रावर. दांडा ओढला की एकच काम. शंभर पुंगळ्यांच्या जुन्या टोप्या काढायच्या, मग साचा बदलून पुढचं काम, पुन्हा शंभर. तासाला फार तर साठ-सत्तर काडतुसं. मग एका म्हाताऱ्याकडून जुनी प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतली. हे प्रकरण तुला एका शब्दात कळेल: रहाटगाडगं. खाली गोल थाळी आणि तिच्यात चार पुंगळ्या. एक गाडगं भरतंय, एक वर येतंय, एक रितं होतंय, तसं इथे एका दांड्याला चार कामं होतात. पहिल्या घरात जुनी टोपी निघते, पुंगळी मापात दाबली जाते आणि दांडा परत सोडताना नवी टोपी बसते. दुसऱ्यात तोंड जरासं फुलवून दारू पडते. तिसऱ्यात मी वर गोळी ठेवतो ती दाबली जाते, चौथ्यात फुललेलं तोंड मिटतं आणि काडतूस टोपलीत. एकदा थाळी भरली की प्रत्येक दांड्याला एक काडतूस. तासाला चारशे सहज. काही यंत्रांची थाळी आपोआप फिरते, माझी अंगठ्याने फिरवावी लागते.

कोणतं यंत्र चांगलं यावरून इथे केवढी भांडणं! आमच्याच ॲरिझोनातली डिलन निळी, नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडची हॉर्नडी लाल, विस्कॉन्सिनची ली त्यातल्या त्यात स्वस्त. तालमीवरून पेठापेठांत जसं वाजतं तसं. मला विचारशील तर सगळी यंत्रं चालतात. चुकतो तो दांड्यामागचा माणूस.

आता तुझ्या सराफी धंद्यातली गोष्ट. माझ्या काडतुसात दारू पडते पाच ग्रेनच्या आसपास. ग्रॅममध्ये ०.३२. तुझ्या अण्णांच्या जुन्या हिशेबात पावणेतीन गुंजा होतात बघ. नक्की किती हे कंपनीच्या पुस्तकात त्या त्या दारूला नि त्या त्या गोळीला बघायचं, त्यात पदरचं काही घालायचं नाही. गोम अशी की यंत्र वजन करत नाही. ते मापट्याने मोजतं. एक छोटी पोकळी भरते आणि पुंगळीत रिती होते. जोंधळा मापट्याने घातला की कधी चेपून बसतो कधी सैल, तसंच. म्हणून दर वीस काडतुसांनंतर मी दुसऱ्या घरातली पुंगळी बाहेर काढतो, तिच्यातली दारू तुझ्याकडे असतो तसल्या काट्याच्या पारड्यात ओततो, वजन बघतो, दारू परत वरच्या नळकांड्यात टाकतो आणि पुंगळी पुन्हा त्याच घरात ठेवतो. त्याच घरात. हे दोन शब्द लक्षात ठेव.

गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार. इथे सकाळचे साडेसहा, म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळचे सात, तू गुजरीतलं दुकान आवरून फोन करतोस ती वेळ. माझ्या डाव्या हातात नुकतीच रिकामी केलेली पुंगळी होती आणि तुझं नाव स्क्रीनवर आलं. अण्णा आयसीयूत होते, मी उचलणारच. तू सांगितलंस की त्यांना घरी सोडलं, त्यांनी आल्या आल्या पिठलं मागितलं. मी हसलो, डोळे पुसले, पाच मिनिटं बोललो, फोन ठेवला. आणि हातातली पुंगळी तिसऱ्या घरात ठेवली.

तोंड आधीच फुललेलं होतं, त्यामुळे गोळी तिच्यावर छान बसली. दांडा ओढला. काडतूस तयार. दिसायला बाकीच्यांसारखंच, नवं कोरं, आत पावणेतीन गुंजांऐवजी हवा.

तीन आठवड्यांनी ते माझ्या पिस्तुलात आलं. लोखंडी पाट्या पाडायची आमची छोटी स्पर्धा होती. धाड, धाड, धाड, आणि मग फट्. खोक्यावर टिचकी मारावी तेवढा आवाज. हाताला धक्काच नाही. स्पर्धेत काडतूस अडकलं की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची आणि पुन्हा चालवायचं हे अंगात इतकं मुरलेलं असतं की माझा डावा हात स्लाइडवर गेलासुद्धा होता. मागे उभा असलेला पंच बेंबीच्या देठापासून ओरडला, "स्टॉप!"

नळीत दोन बोटं आत गोळी अडकून बसली होती. एकट्या टोपीचा जोर तेवढाच. तिच्यामागून दुसरी सोडली असती तर नळी फुगली असती, नाहीतर फुटली असती आणि माझी बोटं तिच्याभोवतीच होती. घरी येऊन पितळी सळई घालून लाकडी हातोडीने ती गोळी ठोकून काढली. इतकी सहज निघाली की मलाच लाज वाटली.

दुप्पट दारू पडण्याचा धोका याहून वाईट. पिस्तुलाच्या पुंगळीत पाच ग्रेन म्हणजे तळाशी चिमूटभर, दहा पडले तरी वरून जागा उरतेच. रायफलीचं त्या बाबतीत बरं आहे, दारू बहुतेक गळ्यापर्यंत येते, दुप्पट घातली तर बाहेर सांडून चुगली करते. पण रायफलीचे बाकीचे चोचले फार. पुंगळी बाटलीसारखी निमुळती, तिला साच्यात घालण्याआधी तेल लावावं लागतं. विसरलास तर अशी रुतून बसते की साचा खोलून बोल्टने ओढावी लागते. शिवाय उडवून आणि दाबून ती लांब होत जाते, मग कापून मापात आणायची. म्हणून माझ्या रायफलीच्या, पॉइंट टू टू थ्रीच्या, पुंगळ्या मी एके दिवशी नुसत्या दाबून, कापून ठेवतो आणि भरायचं काम दुसऱ्या दिवशी. जे म्हणतात की रायफलही पिस्तुलासारखी खटाखटा भरतो, त्यांच्या शेजारच्या लेनवर मी उभा राहत नाही.

त्या रविवारची तीनशे चाळीस काडतुसं शिल्लक होती. तू म्हणशील, मग काट्यावर टाकून हलकं कुठलं ते बघायचं. मीही आधी तेच केलं. पण पितळेत आणि गोळीत मुळातच पाच-सहा ग्रेनचा फरक असतो, त्यात दारूचं वजन दडून जातं. शेवटी एक प्लास्टिकची पोकळ हातोडी मिळते, तिच्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटते. आठवडाभर रोज रात्री गॅरेजच्या फरशीवर लाकडी ठोकळा ठेवून आपटत बसलो. बायको दोनदा डोकावून गेली, काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस बरोबर निघाली. चुकलं होतं ते एकच.

हे तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू उगाच मनाला लावून घेतलं असतंस. तुझा दोष काडीचा नाही, अण्णांची बातमी ऐकण्यासाठी मी पुन्हाही फोन उचलेन. फक्त तेव्हा थाळी पूर्ण रिकामी करेन, चारही पुंगळ्या बाजूला काढेन आणि परत आल्यावर पहिल्यापासून सुरू करेन. आता यंत्रावर एक छोटा दिवाही लावलाय, गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीच्या तळाशी बघतो. काडतूस टोपलीत टाकताना बुडावर बोट फिरवतो, टोपी काठाच्या किंचित आत लागली पाहिजे. चष्मा लावल्याशिवाय दांड्याला हात नाही. दारूचे आणि टोप्यांचे डबे घरातल्या थंड कपाटात, कारण इथल्या उन्हाळ्यात गॅरेज म्हणजे भट्टी. आणि मोबाइल आत, स्वयंपाकघरात.

तेव्हा रविवारी तुमच्या रात्री साडेनऊनंतर करत जा. इथे नऊ वाजलेले असतात, माझं आवरून झालेलं असतं. जुन्या टोप्यांच्या धुरळ्यात शिसं असतं, त्यामुळे कोपरापर्यंत हात धुऊन, कपडे बदलून मगच चहा घेतो. तो चहा आणि तुझा फोन एका वेळी चालेल.

अण्णांना साष्टांग नमस्कार सांग. पिठलं अजून मागतात का? वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
दिल्या

ता. क. अण्णांच्या जुन्या तराजूची पारडी विकू नकोस. मला हवी आहेत, डिसेंबरात आलो की घेऊन जाईन.