कॅपाडोशियाचा शत्रू अज्ञात नव्हता

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या तुर्कस्तानवरील लेखात बलून सफरीवर भरभरून लिहिलं आहे, पण कॅपाडोशिया या तिथल्या प्रदेशातलं देरिनकुयूचं भूमिगत नगर ‘कुणा अज्ञात शत्रूच्या भीतीनं’ खोदलं, एवढ्यावर आटोपलं आहे. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेला माणूस मी. त्या भुयारांतल्या हवेच्या उभ्या वाटा आणि विहिरी बघताना पाय निघत नव्हता. म्हणून हे पत्र.

खोदकामाची सुरुवात जुनी असेल, पण ते फार वाढलं बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन ख्रिस्ती साम्राज्याच्या काळात, आणि तेव्हाचा शत्रू चांगलाच माहीत होता. सातव्या शतकापासून अरब फौजा टॉरस पर्वताच्या खिंडी ओलांडून दरवर्षी येत. बगदादचा अधिकारी कुदामा इब्न जाफर याने मोहिमांचं वेळापत्रकच लिहून ठेवलंय: वसंतातली, घोडे चरून तयार झाले की मेच्या मध्यापासून तीस दिवस, उन्हाळ्यातली जुलैपासून साठ दिवस, हिवाळ्यातली फार तर वीस दिवस. जमीन ताब्यात घ्यायची नसे, गुरं आणि माणसं न्यायची असत. काही आठवडे काढता येतील असा आडोसा गावकऱ्यांना हवा होता. जात्याच्या तळीसारखे ते गोल दगडी दरवाजे आतूनच लोटता येतात, ते यासाठी.

मात्र याला एकतर्फी कहाणी करू नये, ही माझी कळकळीची विनंती. 837 मध्ये बायझंटाइन सम्राट थिओफिलॉसने अरबांचं झपेत्रा शहर लुटून बायकामुलांना गुलाम केलं. पुढच्याच वर्षी खलिफा मुतासिमने बायझंटाइनांचं अमोरियम शहर जाळलं. 965 मध्ये बायझंटाइन सम्राट निकिफोरॉस फोकासने अरबांचं सरहद्दीवरचं तार्सुस शहर घेतलं, तेव्हा तिथल्या मुस्लिमांना घरंदारं सोडावी लागली. दोन्हीकडचे कैदी सरहद्दीवरच्या लामोस नदीवर बदलले जात: इकडून एक सुटला की तिकडून एक. 845 च्या अदलाबदलीत चार हजारांहून अधिक मुस्लिम कैदी सुटले. त्यांत बायका होत्या, मुलंही होती.

मराठी पर्यटक आता तिथे मोठ्या संख्येनं जातात आणि जाण्याआधी आपली पुरवणी वाचतात. लेखाला पूरक म्हणून या सरहद्दीवर अर्धं पान तरी द्यावं, सोबत टॉरसच्या खिंडी, तार्सुस आणि लामोस दाखवणारा नकाशा छापावा.

— एक निवृत्त अभियंता, सातारा