पहाटेचं स्वप्न आणि रात्रीचं जेवण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्वप्नफलाचं सदर येतं. त्यात खाण्यापिण्याच्या स्वप्नांनाही फळं जोडलेली असतात. दूध उतू जाताना दिसलं की धनलाभ, पोळी करपलेली दिसली की घरात कटकट. करमणूक म्हणून वाचायला हरकत नाही. पण उपासाच्या दिवसांत, त्यातही मधुमेही माणसाच्या घरात, अशा स्वप्नाचा अर्थ पंचांगात शोधत बसणं कधीकधी महागात पडतं. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

आधी परंपरेचाच दाखला घेऊ. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छिलेलं, कल्पनेतलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यांतले पहिले पाच निष्फळ, असं तिथे स्वच्छ म्हटलं आहे. आता दिवसभर ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला रात्री फोडणी दिसली, किंवा चतुर्थीच्या उपाशी माणसाला तर्री पोह्यांची प्लेट दिसली, तर ते या पाचांबाहेर कुठे जाणार? आपल्याकडे तर एका ओळीत सांगून ठेवलं आहे, मनी वसे ते स्वप्नी दिसे. ज्या स्वप्नानंतर माणूस पुन्हा झोपत नाही त्याला मोठं फळ, असंही वचन त्याच अध्यायात आहे आणि सदर लिहिणारे बहुधा तेवढंच उचलतात. खरं कामाचं आहे ते सातवं, दोषज. ते फळ सांगणाऱ्याचं काम नव्हे, वैद्याचं.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, हा समज कुठून आला असावा हे झोपेच्या रचनेतून कळतं. डोळ्यांची बुबुळं पापण्यांखाली भराभर हलतात अशी झोपेची एक अवस्था असते. 1953 साली शिकागो विद्यापीठात ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती नोंदवली. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः या अवस्थेत पडतात. झोपेचं एक चक्र सुमारे 90 मिनिटांचं असतं. पहिल्या चक्रात ही अवस्था जेमतेम काही मिनिटांची, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती लांबत जाते. पहाटे चार-पाचच्या सुमाराला जाग येते ती बरेचदा थेट स्वप्नातूनच. रात्री बाराला पडलेलं स्वप्न पुढच्या गाढ झोपेत पुसलं जातं, पहाटेचं हातात राहतं. ते खरं होतं म्हणून नव्हे, आठवतं म्हणून त्याचा एवढा मान.

नागपूरच्या मे महिन्यात यात आणखी एक भर पडते. या स्वप्नावस्थेत शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची यंत्रणा जवळजवळ आवरती घेतलेली असते, घाम येणंही मंदावतं. खोली तापलेली असेल तर झोप नेमकी तिथेच तुटते आणि स्वप्न तोंडपाठ राहतं. कूलर लावूनही असं होतं, कारण खिडक्या बंद असतात. कूलरची हवा बाहेर जायला समोरची खिडकी वीतभर तरी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडते आणि घाम वाळत नाही. जुलैत हवाच ओली असते, तेव्हा पंपाचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवलेला बरा. तहानेची स्वप्नं याच दिवसांतली. संध्याकाळी खारट, तिखट पोटात गेलं आणि पाणी कमी पडलं की स्वप्नात माठच्या माठ रिकामे होतात आणि घशाची कोरड काही जात नाही. खारवलेले मासे किंवा ऑलिव्ह खाल्ले की घटाघटा पाणी पिण्याचं स्वप्न हमखास पडतं, अशी स्वतःवरची नोंद फ्रॉइडने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. उपाय अगदीच साधा आहे: पाण्याचा मोठा वाटा संध्याकाळी सातपर्यंत पोटात जाऊ द्यावा. झोपताना तांब्याभर पाणी प्यायलं तर तहानेऐवजी लघवीला जाग येते, आणि स्वप्न आठवायचं ते आठवतंच.

सावजीवर मात्र विनाकारण आळ येतो. तिखट जेवणाने झोप बिघडते याला आधार आहे. 1992 साली सहा निरोगी तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात रात्रीच्या जेवणात तिखट सॉस आणि मोहरी दिली, तेव्हा झोपेच्या पहिल्या चक्रात शरीराचं तापमान वाढलेलं आणि झोप विस्कटलेली आढळली. झोप लागायला शरीर थोडं निवावं लागतं, तिखट त्याच्या उलट काम करतं. पण सहा माणसांवरून साऱ्या गावाचा निकाल लावता येत नाही. शिवाय आपल्याकडे सावजी खाल्लं जातं कसं? पार्टीला, रात्री साडेदहा-अकराला, बरेचदा दारूसोबत, आणि घरी पोचल्या पोचल्या आडवं. दारू रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नावस्था दाबते आणि उतरली की उत्तरार्धात ती अवस्था उसळून येते. तेलकट जेवण पोटात रेंगाळतं, आडवं होताच आंबट पाणी घशाशी येतं. यात दोष खसखस-दगडफुलाच्या वाटणाचा किती आणि घड्याळाचा किती? तोच रस्सा रात्री आठला खाऊन अकराला झोपून पाहावं. छातीत जळजळत असेल तर डाव्या कुशीवर झोपावं आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांची वीट द्यावी. उशांची चळत लावू नये, तिने पोट दुमडतं आणि जळजळ उलट वाढते.

भुकेचं काय, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट पुरुषांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं. दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. ज्यांनी कधी पातेलं धरलं नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. शॅकल्टनच्या 1908-09 च्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतली उपाशी माणसं चालता चालता मनातल्या मनात पंगती वाढत आणि रात्री स्वप्नातही जेवत. तुमच्या-आमच्या एका दिवसाच्या उपासाची याच्याशी बरोबरी नाही. एकादशीच्या रात्री वडाभात दिसतो तो बहुतेक वेळा भुकेपेक्षा मनाईमुळे. याचा उत्तम पुरावा तंबाखू सोडणाऱ्यांचा. 1991 च्या एका अभ्यासात सिगारेट सोडून एक ते चार आठवडे झालेल्या 293 जणांपैकी 33 टक्के लोकांना आपण पुन्हा ओढतो आहोत असं स्वप्न पडलं होतं, आणि बहुतेकांना स्वप्नातच अपराधी वाटलं होतं. आपल्याकडे खर्रा सोडलेल्या माणसाला पन्नी चोळल्याचं स्वप्न पडलं तर घरच्यांनी ‘पाहा, याचं मन अजून तिथंच’ म्हणून टोचू नये. त्याच अभ्यासात अशी स्वप्नं पडणाऱ्यांचं व्यसन सुटून राहण्याचं प्रमाण कमी नव्हतं, उलट जास्त होतं. उपासात चुकून वडा खाल्ल्याचं स्वप्न याच जातीचं. त्याने उपास मोडत नाही!

स्वप्नातला स्वयंपाक कधी पुरा का होत नाही, याची मात्र फार सुरेख उकल आहे. महालक्ष्म्यांचं पुरण घ्या. अर्धा किलो हरभरा डाळ, अर्धा किलो गूळ. डाळ बोटाने चिरडेल इतकी शिजली पाहिजे, मग कट काढायचा, मगच गूळ घालायचा. गूळ आधी पडला तर डाळ पुढे कितीही उकळा, कणीदार राहते. गूळ घातल्यावर आटवायचं ते गंजात सराटा उभा राहीपर्यंत, आणि वाटायचं ते गरम असतानाच. एवढ्यात किमान चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात: काय झालं, काय राहिलं, कशानंतर काय, किती वेळ. हा हिशेब ठेवणारा मेंदूचा पुढचा भाग स्वप्नावस्थेत मंद असतो, तर चित्रं आणि भावना जागवणारे भाग जोरात चालू असतात. म्हणून धास्ती पुरेपूर खरी आणि क्रम मात्र साफ कोलमडलेला. पंगत बसली आहे, गॅस पेटत नाही, पुरणाचा गंज उघडावा तर आत कच्ची डाळ. वास आणि चव यांचा तर स्वप्नात दुष्काळच. स्वप्नांच्या नोंदी तपासणाऱ्यांना त्या सुमारे शंभरात एका नोंदीत सापडल्या. ताट दिसतं, सांबारवडीचा खमंग वास मात्र येत नाही. बोलाचीच कढी म्हणतात ती हीच.

डोळा लागता लागता दिसणारी चित्रं वेगळी. त्या दिवशी दोनशे पोळ्या लाटल्या असतील तर मिटल्या डोळ्यांपुढे पोळपाट फिरत राहतो. 2000 साली हार्वर्डमध्ये टेट्रिस खेळायला लावलेल्या 27 जणांपैकी 17 जणांना झोप लागताना ठोकळे पडताना दिसले होते. हे थकव्याचं साधं लक्षण आहे, त्याचा अर्थ लावायला जाऊ नये.

ज्यांना आपल्या स्वप्नांचं कारण खरंच शोधायचं आहे त्यांनी चार आठवडे वही ठेवावी. उशाशी वही आणि पेन्सिल असावी, मोबाइल नको, कारण तो हातात घेतला की निरोप वाचले जातात आणि स्वप्न गेलंच. जाग आली की कूस न बदलता, डोळे मिटूनच शेवटचं दृश्य आधी धरावं आणि उलटं मागे जावं. शेजारी रकाने आखावे: जेवणाची वेळ, काय खाल्लं, झोपेची वेळ, उपास होता का, औषध कोणतं, कूलर चालू होता का. न्याहारीच्या वेळी सगळ्यांना सांगून मग लिहिलं तर उपयोग नाही. सांगता सांगता स्वप्न शिजतं, त्यात मीठमसाला पडतो. आणि ज्या रात्री काहीच आठवलं नाही त्या रात्रीचीही नोंद हवी. समजा, 28 रात्रींत 8 वेळा सावजी झालं आणि त्यातल्या 4 रात्री खाण्याचं स्वप्न पडलं. लगेच निष्कर्ष निघतो, सावजीने स्वप्नं पडतात. पण उरलेल्या 20 साध्या वरण-भाताच्या रात्रींपैकी 10 रात्रीही तेच स्वप्न असेल, तर दोन्हीकडे प्रमाण निम्मंच आहे. चुकतं ते नेहमी इथे, या दुसऱ्या आकड्याकडे कोणी पाहतच नाही.

आता ज्यासाठी मुळात पत्र लिहायला घेतलं ते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणारा माणूस दुपारी साबुदाणा खाऊन रात्री काहीच खात नाही आणि गोळी मात्र सवयीने घेतो. मध्यरात्रीनंतर, दोन-तीनच्या सुमाराला, साखर उतरते. भयंकर स्वप्नं, घामाने भिजलेली चादर, छातीत धडधड, सकाळी डोकं जड, ही त्याची ओळखीची खूण. मे महिन्यात घामाचा दोष कूलरवर जातो आणि स्वप्नाचा ग्रहांवर. अशा वेळी बोट टोचून साखर पाहावी. 70 च्या खाली असेल तर तीन-चार सपाट चमचे, म्हणजे 15 ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावं, तरी खाली असेल तर तेवढीच परत द्यावी. आकडा वर आला की पोळीचा तुकडा किंवा दूध. घरात आहे म्हणून संत्रा बर्फी किंवा पेढा देऊ नये, खव्यातली चरबी साखर रक्तात जायला उशीर लावते. माणूस व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी घेत असेल तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडण्याचं कामच ही औषधं रोखून धरतात. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. उपासाच्या दिवशी गोळी किती आणि केव्हा घ्यायची, हे उपासाच्या आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावं. मनाने बंद करू नये.

दुसरी एक गोष्ट. काही माणसं झोपेत खरोखर उठून स्वयंपाकघरात जातात, कच्ची कणीक, कोरडं पीठ असं काहीबाही खातात आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही. झोपेच्या झोल्पिडेम या गोळीने असं होऊ शकतं. झोपेत केल्या जाणाऱ्या अशा धोकादायक कृतींसाठी 2019 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. पन्नाशी उलटलेला माणूस स्वप्नात ओरडत हातपाय झाडत असेल तर ते वेगळं दुखणं, त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा. दोन्ही बाबतींत तोवर एक करावं: रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद आणि सुऱ्या-विळ्या कुलपात.

सदर बंद करा अशी मागणी नाही. एवढंच करा, नवरात्र, श्रावण आणि रमजानच्या आदल्या रविवारी त्याच सदराखाली साखर उतरण्याची चौकट छापा. 70 चा आकडा, साखरेचे चमचे आणि ग्लुकोज पावडर, एवढा मजकूर चार ओळींत बसतो.

आपली,
आहारशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका
नागपूर